तळावरची खूण

मित्रांनो, कुणी मला उलटं धरून माझा तळ पाहू लागलं की मला अजूनही आशा वाटते. मी एक जुनी झारी आहे, चांदीची, ओंजळीत मावेल एवढी. मला एक बारीक चोच आहे, वळणदार मूठ आहे आणि तळावर तीन खुणा आहेत. त्या खुणांत माझं गाव आहे, माझा काळ आहे आणि मला घडवणाऱ्याचा क्रमांक आहे. मला तोंड नाही. जे काही बोलायचं ते त्या खुणांनीच बोलायचं, आणि त्या आता जवळजवळ पुसल्या आहेत.

माझा जन्म इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. नदीजवळच्या एका गल्लीत एक चांदीकाम करणारा कारागीर राहत होता. त्याच्या बायकोचं नाव अस्सुंता. त्यांना नेल्ला नावाची मुलगी झाली, तेव्हा तिच्या दुधासाठी त्यानं मला घडवलं. चांदीचा गोल पत्रा घेऊन तो हळूहळू ठोकत गेला. पत्रा कडक झाला की विस्तवात तापवायचा, पुन्हा ठोकायचा. माझं पोट फुगलं, मान निमुळती झाली, मग डाक देऊन चोच आणि मूठ जोडली.

शेवटी त्यानं मला पालथं केलं आणि पोलादी ठशांवर हातोडा मारला. पहिला ठसा ८०० या आकड्याचा. हजार भागांत आठशे भाग चांदी, बाकी तांबं, असा त्याचा अर्थ. नुसती शुद्ध चांदी मऊ असते, रोजच्या वापरात दबते, म्हणून तांब्याची खोट घालावी लागते. दुसरा ठसा शंकरपाळीच्या आकाराचा. त्यात काठ्यांची मोळी आणि तिला बांधलेली कुऱ्हाड. त्या वेळी तिथं जे राज्य करत होते त्यांचं ते चिन्ह. त्याच चौकटीत कारागिराचा क्रमांक आणि शेवटी शहराच्या तिकडच्या भाषेतल्या नावाची पहिली दोन अक्षरं, एफ आणि आय. १९३५च्या सुमाराला ही खूण सुरू झाली आणि ते राज्य बुडालं तसं ते चिन्हही गेलं. म्हणजे माझा काळ माझ्या अंगावरच लिहिलेला होता. तिसरी खूण म्हणजे तळाच्या कडेला, चोचीच्या बरोबर खाली, त्या कारागिरानं नखाएवढं उमटवलेलं एक पान. ते कायद्यासाठी नव्हतं. ते नेल्लासाठी होतं.

पुढं मोठी लढाई सुरू झाली. कारागीर तापानं गेला. शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा अस्सुंता लेकीला घेऊन डोंगरातल्या माहेरच्या घरी आली. बाकीची चांदी तिनं पिठासाठी केव्हाच विकली होती. मला मात्र तिनं ठेवलं.

त्या डोंगरात हिंदुस्थानी पलटणी आल्या. पावसाळी थंडी होती, चिखल गुडघ्यापर्यंत होता. एका सकाळी नेल्ला सरपण गोळा करायला गेली आणि पुरलेल्या सुरुंगानं तिचा पाय जखमी झाला. जखमी सैनिकांची स्ट्रेचर वाहणारा एक जवान त्या वाटेनं येत होता. उंच, काटक, दाट मिशांचा. त्याचं नाव नागोराव. यवतमाळ जिल्ह्यातल्या, नेरजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा तो मुलगा. त्यानं आपल्या डोक्याचा फेटा सोडून तिच्या मांडीला आवळून बांधला आणि तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरला. अस्सुंताला बरोबर येऊ दिलं नाही, कारण वाटेवर तोफेचे गोळे पडत होते.

मित्रांनो, त्यानंतर ती बाई कशी बसून होती ते मी पाहिलं आहे. चूल पेटवली नाही. दार लावलं नाही. मला मांडीवर घेऊन ती नुसती दाराकडं पाहत राहिली. आणि मग एके दुपारी नागोराव परत आला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. पोरगी जगली आहे, पाय राहिला आहे, एवढं सांगायला तो डोंगर पुन्हा चढून आला होता. भाषा येत नव्हती, म्हणून त्यानं नेल्लासारखं लंगडून दाखवलं आणि हसला. अस्सुंता आधी रडली, मग हसली. तिनं मला त्याच्या हातात दिलं. त्यानं मान हलवून मला परत टेबलावर ठेवलं. तिनं मला उचलून त्याच्या पिशवीत घातलं आणि पिशवीचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला. घरात फक्त ती दोघं होती आणि मी.

अशी मी नेरजवळच्या त्या खेड्यात आले. घरात एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, ओसरीवर तुरीची पोती. मला देवळीत जागा मिळाली. पण मला तिथं फार बसावं लागलं नाही. माझी चोच बारीक होती, तिच्यातून दूध थेंब थेंब पडत असे. ज्या लेकराला अंगावर पिता येत नसे त्याच्यासाठी बाया मला मागून नेऊ लागल्या. मी कितीतरी अंगणांत फिरले. नागोरावाची एकुलती एक मुलगी विमल माझ्याच चोचीनं प्यायली. त्याच्या चुलतभावाची, भगवानरावाची लेकरंही प्यायली. ती माझी सुखाची वर्षं होती.

नागोराव संध्याकाळी ओसरीवर बसून माझी गोष्ट सांगत असे. डोंगर, चिखल, ती पोरगी, ती बाई. लोक ऐकत. भगवानराव मात्र ऐकता ऐकता तोंड फिरवून घेई. पलटणीत भरती व्हायला तोही गेला होता. छाती कमी भरली म्हणून त्याला परत पाठवलं होतं. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

एकदा माझी मूठ हलू लागली. नागोराव मला नेरच्या बाजारात सोनाराकडं घेऊन गेला. भगवानरावही बरोबर होता. सोनारानं मला कसोटीवर घासलं, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि खरं तेच सांगितलं. चांदी अस्सल आहे, पण आपल्याकडच्यापेक्षा खोट जास्त आहे, म्हणूनच भांडं असं टणक राहिलं. त्यानं मूठ नीट बसवून दिली. भगवानरावानं त्यातला एकच शब्द उचलला. गावात परतल्यावर तो पारावर म्हणाला की सोनारानं झारीत खोट सांगितली. दोन दिवसांत खोटेचं खोटं झालं. झारी खोटी, मग गोष्टही खोटी. नागोराव कुठं परदेशात गेलाच नव्हता, लढाईभर देवळालीच्या छावणीत पलटणीचा भात शिजवत होता आणि येताना मुंबईच्या बाजारातून ही झारी घेऊन आला, असं लोक हसत हसत बोलू लागले.

नागोरावाजवळ दाखवायला काही उरलं नव्हतं. पलटणीचे कागद वाळवीनं खाल्ले होते. पदकं घ्यायला बोलावणं आलं तेव्हा कापूस वेचणीला आला होता, म्हणून तो गेलाच नाही. माझ्या तळावर सगळं लिहिलेलं होतं, पण ते वाचणारं त्या मुलखात कुणी नव्हतं. मी देवळीत बसून ऐकत राहिले. कुणी मला फक्त पालथं करावं, असं वाटत राहायचं.

विमल मोठी झाली. शाळेत पोरी तिला ‘झारीवाली’ म्हणत. तिला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी नागोरावानं आनंदानं मला खाली काढलं. तेवढ्यात विमल माजघरातून आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

ती हळूच म्हणाली, “बाबा, पावण्यापुढं झारीचं नका काढू. लोकं हासतात आपल्याले.”

नागोरावानं तिच्याकडं पाहिलं. मग मला परत देवळीत ठेवलं आणि पाहुण्यांशी पावसापाण्याचं बोलत बसला. त्या दिवसानंतर त्यानं माझी गोष्ट कुणालाही सांगितली नाही. तिलाही नाही. लग्न झालं, जावई विठ्ठलराव घरजावई म्हणून याच घरात आले. फार सालस माणूस. त्यांनी एकदोनदा विषय काढून पाहिला. नागोराव नुसता हसला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

काही वर्षांनी नागोराव गेला. तेराव्याला भांडी मांडताना कुणीतरी मला उचलून म्हणालं, ही तीच ना देवळालीची झारी. विमलनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन मोरीवर बसली. चिंच, राख आणि रांगोळीची भुकटी घेऊन तिनं मला घासलं. माझं अंग आरशासारखं झालं तरी ती घासतच होती. तिला दाखवायचं होतं की ही खरी चांदी आहे, बाप खोटं बोलला नाही. त्यानंतर दर सणाला तेच. पोळा आला की घासायचं, दिवाळी आली की घासायचं, घरी कुणी येणार म्हटलं की घासायचं. बाहेरून, आतून आणि तळ तर सगळ्यात जोरात, कारण तळ लवकर काळा पडतो.

रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, मित्रांनो. चांदी तिच्यापुढं टिकत नाही. आधी चोचीखालचं पान गेलं. मग क्रमांक बुजला. मग मोळीच्या काठ्या एकात एक मिसळल्या. विमलचा हात माझ्यावरून फिरत असे तेव्हा त्यात किती माया होती हे मला कळत होतं. ज्या खुणा तिच्या बापाची साक्ष देणार होत्या त्याच ती बोटांनी पुसत होती, आणि तिला थांबवायला माझ्याजवळ काही नव्हतं. भांडं फार तर हातातून निसटू शकतं. मी तर तेही करू शकत नव्हते.

आता विमलताई म्हातारी झाली. विठ्ठलराव गेले. मुलगा शेती पाहतो. नात समीक्षा यवतमाळला खोली घेऊन फार्मसी शिकली, तिथंच नोकरीला लागली. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. घरातली मोडकी चांदी आटवून तिच्यासाठी नवं ताट करावं असं सुनेनं काढलं. तिचं काही चुकलं नाही. घराघरांत असंच होतं. तुटके तोडे, एका पायाचं पैंजण, बाळलेणी, आणि त्यांच्यावर मी, अशी पिशवी बांधली. सुनेनं विमलताईला विचारलं. विमलताई मला परत पिशवीत ठेवत म्हणाली, ने. इतकी वर्षं घासूनही कुणाला काही पटवता आलं नव्हतं. आता तिलाच खात्री उरली नव्हती.

ती पिशवी यवतमाळच्या सोनाराकडं न्यायचं काम समीक्षाकडं आलं. खोलीवर तिनं पिशवी सोडून एकेक वस्तू पाहिली. मला तिनं पालथं केलं. तळावर बोट फिरवलं, काही कोरल्यासारखं लागलं आणि ती थांबली. मग मला घेऊन ती खाली घरमालकिणीकडं गेली.

घरमालकीण रत्नप्रभाबाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा परदेशात असतो. त्याच्याकडं राहायला गेल्या की तिथल्या जुन्या बाजारात हिंडून चांदीच्या भांड्यांवरच्या खुणा वाचायचा त्यांना छंद लागला होता. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं. मग तळावर तोंडाची वाफ सोडली, म्हणजे झिजलेली अक्षरं क्षणभर वर येतात. मग निरांजनाच्या ज्योतीवर धरून माझ्या तळाला काजळी आणली, तिच्यावर चिकटपट्टी दाबली आणि ती पट्टी कोऱ्या कागदावर लावली. कागदावर माझं उरलंसुरलं नाव उमटलं.

त्या समीक्षाला समजावून सांगत होत्या. हा आकडा ८००. भांडं इंग्लंडचं असतं तर चालता सिंह असता. जर्मनीचं असतं तर आकड्याशेजारी चंद्रकोर आणि मुकुट असता. इथं शंकरपाळीसारखी चौकट आहे, म्हणजे इटली. आणि हे वरचं टोक कुऱ्हाडीचं असेल, तर भांडं १९३५ नंतरचं, लढाई संपायच्या आधीचं. मी ऐकत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं.

मग त्या अक्षरांवर आल्या. “पहिलं एफ आहे. दुसऱ्याची फक्त उभी रेघ राहिली आहे. आय असेल तर फ्लॉरेन्स. पण ई असू शकेल, आर असू शकेल. मग गाव वेगळं. कारागिराचा क्रमांक असता तर नावही शोधता आलं असतं. फार घासलंय हे कुणीतरी.”

आय, आय, असं मी मनात म्हणत होते. त्यांनी मला मऊ कापडात गुंडाळलं. सोनाराकडं जायचं राहिलंच.

त्या रविवारी दोघी एसटीनं नेरला आणि तिथून गावात आल्या. घरची सगळी ओसरीवर जमली. सून, मुलगा, आणि समीक्षाचा धाकटा भाऊ आयुष, जो अमरावतीला शिकतो आणि सुटीला आला होता. विमलताई खाटेवर बसली होती. रत्नप्रभाबाईंनी तो काजळीचा कागद तिच्या हातात दिला आणि सावकाश सगळं सांगितलं. विमलताईनं कागद डोळ्यांशी नेला, दूर नेला.

“म्हंजे माहा बाप तिकडं गेलता,” ती म्हणाली.

“झारी तिकडचीच आहे, ताई. आणि त्याच काळातली. देवळालीत किंवा मुंबईच्या बाजारात सहजी मिळणारी नाही ही.”

“गेलता तो.” विमलताईनं पुन्हा म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. तिनं भगवानरावाचं नाव घेतलं. तो जाऊन कैक वर्षं झाली होती. त्याची लेकरं पुण्यात. पारावर हसणारे सगळे मातीत गेले होते. आता हे कुणाला जाऊन सांगायचं, असं तिनं सुनेला विचारलं.

आणि मग आयुष बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं मला हातात फिरवत सहज विचारलं, “मंग पणजोबाले ही भेटली कशी? लढाईत सैनिक लोकाइच्या घरातून सामान उचलत, तशी आणली काय?”

विमलताईच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मावळलं. इतकी वर्षं तिला एकच भीती होती, बाप खोटारडा ठरण्याची. ती गेली त्याच घटकेला दुसरी येऊन उभी राहिली. ती रत्नप्रभाबाईंकडं वळली.

“बाई, दिली का उचलली, हे नाही काय लिवलं त्याच्यावर?”

“नाही, ताई. गाव असतं, कस असतो, कारागीर असतो. हे कुणी कोरत नाही.”

मित्रांनो, मी तिथंच होते. आयुषच्या तळहातावर. त्या बाईनं पिशवीचा पट्टा कसा आवळला हे पाहिलेली जगात एकटी मीच उरले होते. मी आठशे भाग चांदी आणि दोनशे भाग तांबं, यापलीकडं माझ्या अंगात काही नाही. मला घासलं असतं, आटवलं असतं, तरी इतकं लागलं नसतं.

समीक्षा आजीजवळ जाऊन बसली. पणजोबा काय सांगायचे, असं तिनं विचारलं. त्या बाईचं नाव काय होतं?

विमलताई आठवू लागली. “सांगे तो. लय सांगे. मीच म्हणलं, नका सांगू.” मग तिनं जमेल तशी गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिच्या गोष्टीत डोंगराऐवजी पूल होता. पोरीऐवजी पोरगा होता. बर्फ पडत होता, जो त्या दिवशी पडत नव्हता. नाव काही केल्या आठवेना. अ वरून काहीतरी, एवढंच ती म्हणाली आणि हवेत बोटानं तो अ काढत राहिली. मी मनातल्या मनात अस्सुंता, अस्सुंता म्हणत होते.

पण शेवटी ती म्हणाली, “त्या लेकराले दवाखान्यात पोचवलं, अन् मंग माहा बाप मांगं गेला. त्या मायले सांगाले गेला का लेकरू जित्तं आहे. जो लुटते तो मांगं जाते काय?”

आयुषनं मान खाली घातली. मला त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. त्याला पटलं की आजीसाठी तो गप्प राहिला, हे मला आजही माहीत नाही.

मला आटवलं नाही. समीक्षाचं लग्न झालं. मी आता काचेच्या कपाटात आहे. रत्नप्रभाबाईंनी घासू नका म्हणून बजावलं, त्यामुळं मी काळी पडत चालले आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. पण कपाटात भांडं सुलटंच ठेवतात. येणारेजाणारे माझी चोच पाहतात, मूठ पाहतात. आयुषनं एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘इटली, १९३५ ते १९४४’. लोक ती वाचतात आणि विचारतात, इथं कशी आली? मग घरातलं जे कुणी असेल ते आपापल्या परीनं सांगतं. कधी पूल, कधी बर्फ. एकदा सुनेनं पाहुण्यांना सांगितलं की साहेबानं बक्षीस दिली. विमलताई खाटेवरच बसली होती. तिला ऐकू कमी येतं आता.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनं चांदीचं भांडं असेल तर त्याचा तळ रांगोळीनं, राखेनं घासू नका. मऊ कापडानं पुसा. खूण बारीक असते आणि एकदा गेली की कुणालाही परत आणता येत नाही. आणि ज्या माणसानं ते भांडं घरात आणलं तो माणूस अजून असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. गोष्ट दहा वेळा ऐकलेली असली तरी अकराव्यांदा ऐका. नावं विचारा. लोक हसतात म्हणून त्याला गप्प बसवू नका. आम्हां वस्तूंना फक्त कुठून आलो एवढंच सांगता येतं. कुणी, का आणि कसं दिलं, हे माणसानंच माणसाला सांगावं लागतं.